कशासारखं दुखतं?

३ नोव्हेंबर, दुपारी

दादा,

नमस्कार. मी बरी आहे. तू, वहिनी आणि खिडकीतली ती मरतुकडी मनीप्लँटची वेल, तिघंही बरी असाल असं धरून चालते.

तुझं पत्र मिळालं. पाकीट फोडायच्या आधीच कळलं की आत आनंदाचं काही नाही. तू खूश असलास की तुझी अक्षरं ओळीवर ताठ उभी राहतात. या वेळी सगळी खाली बसली होती.

हा कागद बघून दचकू नकोस. मागे 'वय', 'वजन', 'रक्तदाब' असं छापलंय, ते माझं नाही. चुकलेले केसपेपर आहेत. इथे ते फेकून देतात, मी उचलून आणते. हो, मी आता दवाखान्यात आहे. बस डेपोच्या चौकशी खिडकीवरचं काम सोडलं. दिवसभर दुसऱ्यांना गाड्या सुटायच्या वेळा सांगायच्या आणि आपण मात्र बसून राहायचं, हे मला किती दिवस जमणार होतं? त्याआधी चार महिने सर्कशीच्या तिकिटांवर होते, त्याआधी फुलं बांधायच्या गोदामात. तू लिहिलंयस, 'आता कुठेतरी टीक.' आई काय म्हणायची आठवतंय ना? भोवरा एका जागी उभा दिसला की समजावं, तो आता पडणार.

तर दवाखाना. दोन खोल्या, एक बाक, एक पंखा. पंखा म्हाताऱ्या कारकुनासारखा कुरकुरत फिरतो आणि कुणी वर बघितलं की थोडा जोरात फिरून दाखवतो. डॉक्टरीणबाई एकट्या, कंपाउंडर एक, आणि बाहेरच्या टेबलावर मी. पेशंट आला की मी त्याचा केसपेपर लिहायचा. नाव, वय, आणि खाली एक मोठा रकाना: 'त्रास कसा आहे? (रुग्णाच्या शब्दांत)'. दादा, हा रकाना म्हणजे माझी मजा आहे. लोक इतके कोरडे बोलतात! 'पोट दुखतं.' अरे, पण कसं? मग मी विचारते, 'कशासारखं?' तरी नाही सांगितलं तर थोडं मीच भरते. काल शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. म्हणाला, 'जळजळ होते.' मी लिहिलं, 'पोटात कुणी जुनी वर्तमानपत्रं पेटवून ठेवल्यासारखं, धूर घशापर्यंत.' चांगलं आहे की नाही?

फक्त एका रंगाऱ्याला माझी मदत लागत नाही. घरांना रंग देतो, साठीचा असेल, दर आठवड्याला काहीतरी घेऊन येतो. कंबर म्हणजे 'पोपडे धरलेली भिंत'. खोकला म्हणजे 'वरून नवा हात मारलाय, पण आतली ओल गेलेली नाही'. त्याचा केसपेपर मी वाचायला घरी नेणार होते, कंपाउंडर ओरडला.

कुठे होते मी? हां, तुझा धडा.

सातवीच्या पोरांना 'लेखन जिवंत कसं करावं' हे शिकवायचंय आणि पोरं दिसेल त्याच्या तोंडाला चंद्र चिकटवतात, असं तू लिहिलंस. नववीत शाळा सोडलेल्या बहिणीला मास्तरने हे विचारावं, याला अतिशयोक्ती म्हणतात की आणखी काही, ते तुझं तू ठरव. मला व्याख्या येत नाहीत. उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक तू मला तीनदा सांगितलास आणि तिन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघत होते. पण एक मला माहीत आहे. आईने आयुष्यात एकदाही चंद्र वापरला नाही. तिच्याकडे लोकांचे कपडे इस्त्री करायचं टेबल होतं, तिने तेच वापरलं. घरमालकाचं हसू कसं? 'खालचं बटण वरच्या काजात घातल्यासारखं.' शेजारची शिंपीण बोलायला लागली की, 'चेन अडकली बघ हिची.' ढगाळ दुपार म्हणजे न पिळलेली चादर. दिवसभर उभं राहून पाय भरून आले की, 'पाय नाहीत हे, भिजलेल्या जीन्स आहेत.' डोकं दुखलं तरी साधं दुखायचं नाही, आत कुणीतरी ओला टॉवेल पिळायचं. पोरांना सांग, तुमच्या घरात हाताखाली जे आहे त्यातून काढा. पाववाल्याच्या पोराने भट्टीतून काढावं, ड्रायव्हरच्या पोरीने गाडीतून. उसना चंद्र कशाला?

आणि रूपकासाठी लांब जायला नको. तुला ती 'पट्टी' म्हणायची. पट्टीसारखा नाही, सरळ पट्टीच. आणि मला भोवरा.

आपला खेळही सांग त्यांना. शाळेतून आलो की ती विचारायची, 'कसा गेला दिवस?' आपण म्हणायचो, 'बरा.' की लगेच, 'बरा म्हणजे कशासारखा?' आणि सांगेपर्यंत दप्तर खाली ठेवायचं नाही. तुला लवकर सुचायचं नाही. तू दारात दप्तर घेऊन उभा, आणि मी आत खाऊन मोकळी. ती स्वतः शोधायची तेव्हा कशी वर बघायची, आठवतं? जणू छताला लिहून ठेवलंय.

तू लिहिलंस, 'मला तिची एकही उपमा आठवत नाही. तुला आठवतील तेवढ्या पाठव.' हे वाचून मी पत्र थोडा वेळ पालथं घातलं.

आणि पत्राच्या शेवटी पुन्हा तेच, तुझ्या बोलण्यामुळे आई गेली. दादा, दोन वर्षं झाली. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आणि दोन शिक्षक चहाला आले होते, आईने गुडघ्यांबद्दल काहीतरी रंगवून सांगितलं, ते हसले, आणि ते गेल्यावर तू तिला म्हणालास, 'आई, जरा सरळ बोलत जा ना. लोक हसतात. दुखतं तर दुखतं म्हण.' एवढंच. माणसं घरात याहून किती वाईट बोलतात. दुसऱ्या दिवशी ती गेली, ही वेगळी गोष्ट. तिने काय मनाला लावून घेतलं, काय नाही, ते मला कसं माहीत असणार? सकाळी मी निघाले तेव्हा ती झोपलेलीच होती. हे मी तुला तेव्हाच सांगितलंय.

चार वाजले. बाकावर लोक जमायला लागलेत.

तुझी,
पत्ता सारखा खोडून पुन्हा लिहिलेल्या पाकिटासारखी,
भोवरा

*

२४ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार वगैरे. तब्येत ठीक. इथे थंडी पडलीये आणि बाकावरची गर्दी वाढलीये.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा हात लागला नाही.

तू फळ्यावर 'उपमा' लिहिलंस आणि पुढे बोलताच आलं नाही. पुढच्या बाकावरच्या पोरीने विचारलं, 'सर, पाणी आणू?' आणि तू बाहेर जाऊन नळ सोडून उभा राहिलास. त्या पोरीला शाबासकी दे. आणि नळ बंद केलास ना?

पत्राच्या खाली वहिनीने लिहिलंय. तुला माहीत आहे की नाही, माहीत नाही. पेन्सिलने, बारीक अक्षरात. 'हे घरी आता हो आणि नाही एवढंच बोलतात. राजीनामा लिहून टेबलाच्या खणात ठेवलाय. जानेवारीत देणार म्हणतात. तो शर्ट अजून तसाच लटकतोय, मला हात लावू देत नाहीत. तुझं ऐकतील. काहीतरी कर.'

त्या शर्टाचं मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी टेबलावर होता तो, तुझा पांढरा, एक बाही इस्त्री केलेली आणि एक चुरगळलेली, एवढं शिंपिणीने सांगितलं होतं. पण तू तो दोन वर्षं हँगरला लावून ठेवला असशील असं वाटलं नव्हतं.

पट्ट्या, राजीनामा फाड. तुला दुसरं काही येत नाही. बघ ना, चिडलास तरी तू शुद्धलेखन तपासून चिडतोस.

इथलं सांगते. मी बोलणी खाल्ली. तो बसचा ड्रायव्हर आठवतोय? मी त्याच्या पोटात वर्तमानपत्रं पेटवली होती, तोच. त्याला बरं वाटेना म्हणून परत आला. डॉक्टरीणबाईंनी केसपेपर वाचून विचारलं, 'हा धूर घशाशी कधीपासून येतो?' तो म्हणाला, 'कसला धूर?' 'अहो, तुम्हीच सांगितलंय.' 'मी? बाई, मी विडीसुद्धा ओढत नाही.' बाहेर मला सगळं ऐकू येत होतं. मी बोटाने टेबलावरचा डाग पुसत बसले. डाग लाकडातलाच होता.

दुपारी बाईंनी आत बोलावलं. केसपेपर समोर धरला.

'हे कोण बोललं?'

'तोच.'

'तो? अगं, तो आ करा म्हटलं तरी किती करू म्हणून विचारतो. तो हे बोलेल?'

मी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

'मी त्याला घशाची औषधं दिली. दहा दिवस त्याने घेतली. त्याला आहे काय, तर वेळेवर न जेवल्याने होणारी जळजळ.' मग त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं आता हाकलणार. तर म्हणाल्या, 'वाक्य चांगलं आहे तुझं. पण पोट त्याचं आहे.'

तेव्हापासून रकान्यात फक्त पेशंटचा शब्द लिहायचा. तो 'दुखतं' म्हणाला तर 'दुखतं'. विचारायला हरकत नाही, भरायचं मात्र नाही. हेही तुझ्या पोरांना सांग. शब्द चमकला म्हणून तो खरा होत नाही. मला हे कुणी आधी सांगायला हवं होतं. कदाचित तूच सांगितलं असशील आणि मी खिडकीबाहेर बघत असेन.

आता तुझं ते वाक्य. 'मी तिचं बोलणं बंद केलं आणि दुसऱ्या दिवशी ती कायमची गप्प झाली.' दादा, हे वाक्यही तसलंच आहे. छान जुळलंय, म्हणून तुला ते खरं वाटतंय. तसं झालं नाही.

तुला वाटेल, हिला कसं माहीत. ही तर

कंपाउंडर हाका मारतोय. मी पुढे लिहिणार होते, पण राहू दे. इथल्या दुधात पाणी फार असतं, चहा सावलीसारखा दिसतो. वहिनीला सांग, तिचं पेन्सिलीचं लिहिणं पोचलं.

घरी येण्याबद्दल विचारलंस. बघते. काम नवं आहे, सुट्टी मिळेल असं वाटत नाही.

तुझी,
शिवण उसवलेल्या खिशासारखी,
भोवरा

*

९ डिसेंबर

दादा,

नमस्कार. पत्र सावकाश वाच. वहिनीला जवळ बसव हवं तर. उभ्याने वाचू नकोस.

परवा सकाळी रंगारी आला. त्याला पाहून मला बरंच वाटतं नेहमी. मी पेन उघडलं, त्याचा केसपेपर काढला. तो बाकावर न बसता टेबलाला धरून उभा राहिला. म्हणाला, 'छातीत दुखतंय.'

मी म्हटलं, 'कशासारखं?'

खरं सांगते, मी वाट बघत होते. याच्याकडून काहीतरी झकास मिळणार म्हणून पेन टेकवलंसुद्धा होतं. त्याने वर बघितलं. आमच्या छताला त्यानेच रंग दिलाय. बघत राहिला. मग म्हणाला, 'कशासारखंच नाही, पोरी. दुखतंय.'

मी काही लिहिलं नाही. मी इतक्या जोरात ओरडले की कंपाउंडरच्या हातून बाटली पडली. बाई धावत आल्या. पुढचं मला तुकड्यांत आठवतं. त्याच्या शर्टाची बटणं, त्यावर वाळलेला निळा रंग, गाडीचा भोंगा. मोठ्या दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणाले. आज त्याचा मुलगा येऊन सांगून गेला, म्हातारा उठून बसलाय आणि तिथल्या भिंतींना नावं ठेवतोय. म्हणे, 'हा हिरवा बघून बरा माणूस आजारी पडेल.'

त्या दिवशी सगळं शांत झाल्यावर बाईंनी केसपेपर उचलला. रकान्यात एक ठिपका होता, पेन टेकवल्याचा.

'इथे तर काहीच नाही. तुला कळलं कसं?'

'आधी एकदा ऐकलं होतं.'

'कुणाकडून?'

मी सांगितलं. दादा, दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते तोंडाने बोलले, आणि बोलले ते परक्या बाईजवळ. त्यांनी स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, 'भावाला माहीत आहे?'

'नाही.'

आज दुपारी बाई माझ्या टेबलावरचे केसपेपर स्वतः उचलून आत घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, 'पेशंटचं मी बघते. तू तुझं लिही.'

म्हणून हे भर दुपारी लिहितेय. बाहेर बाकावर लोक खोकतायत.

मी निघाले तेव्हा आई झोपलेली नव्हती.

तू साडेसहाला शाळेत गेलास. वहिनी त्या आठवड्यात माहेरी होती. मी सातला उठले तेव्हा आई इस्त्रीला उभी होती. तिने मला चहा दिला. टेबलावर तुझा पांढरा शर्ट होता. ती कॉलर दाबत होती आणि हसत होती. मी म्हटलं, 'काय झालं?' म्हणाली, 'पट्टी काल कसा बोलला, ऐकलंस? अगदी नव्या कॉलरसारखा. टोचते, पण दोन धुण्यांत मऊ पडते.'

हे तिचे शब्द आहेत. मी एकही भरलेला नाही. हे तुला तेव्हाच मिळायला हवे होते. पण हे सांगायचं तर ती जागी होती हे सांगावं लागलं असतं, आणि मग पुढचंही.

पुढचं असं. मी पिशवी भरत होते. गाडी पावणेआठची. तिने एक बाही संपवली, इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं आणि म्हणाली, 'छातीत दुखतंय गं.'

मी मान वर न करता म्हटलं, 'कशासारखं?' आपण म्हणतो तसंच. पिशवीची चेन लागत नव्हती, मी तिच्याशी झटापट करत होते.

ती काही बोलेना म्हणून मी बघितलं. ती वर बघत होती. छताकडे. शोधत होती, दादा. मी पाहिलं, ती शोधत होती. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग म्हणाली, 'कशासारखंच नाही. दुखतंय.'

आणि मी हसले. म्हटलं, 'अरे वा! पट्टीने तुझी जीभसुद्धा सरळ केली वाटतं!'

तीपण हसली. टेबलावर हात टेकून हसली. 'जा,' म्हणाली, 'गाडी चुकेल.' मी घड्याळाकडे बघितलं. तिच्याकडे बघायला हवं होतं, मी घड्याळाकडे बघितलं. आणि निघाले. गाडी मिळाली. खिडकीची जागा मिळाली.

अकराला शिंपीण कपडे न्यायला आली, ते तुला माहीत आहे. तुझा फोन आला तेव्हा गाडी चहासाठी थांबली होती. तू विचारलंस, 'तू निघालीस तेव्हा कशी होती ती?' मी म्हणाले, 'झोपली होती.' रडण्याच्या आधी हे तोंडातून निघालं. एकदा निघाल्यावर परत आत घेता येईना. तुला वाटतं माझा पाय एका जागी टिकत नाही म्हणून मी घरी येत नाही. तसं नाही. त्या टेबलासमोर उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं असतं.

दोन वर्षं मी स्वतःला सांगत आले की दादासाठी गप्प आहे. तू तिला 'दुखतं तर दुखतं म्हण' म्हणालास आणि दुसऱ्या सकाळी तिने नेमकं तेच म्हटलं. हे तुला कळलं तर तू मरशील, असं मला वाटायचं. यातलं थोडं खरं होतं. बरंचसं खोटं. मला माझं सांगवत नव्हतं.

पण परवा रंगाऱ्याने वर बघितलं आणि मला कळलं की मी सगळं उलटं धरून बसले होते. त्याला कुणी सरळ बोल म्हणून सांगितलं नव्हतं. तरी त्याला सापडलं नाही. दादा, तुझं ऐकून जी बाई सरळ बोलणार, ती वर बघेल कशाला? शोधेल कशाला? दहाच मिनिटांपूर्वी तिने तुझ्यावर कॉलर रचली होती. तिचं बोलणं तू बंद केलं नव्हतंस. ते त्या सकाळी पूर्ण चालू होतं. त्या दुखण्याला जोडच नव्हती, एवढंच झालं. आणि ज्या पोरीला ते कळायला हवं होतं, जिला तिने लहानपणापासून हेच एक शिकवलं होतं, ती समोर पिशवीची चेन ओढत होती.

मी थांबले असते तर ती वाचली असती का, माहीत नाही. बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, 'ते कुणीच सांगू शकणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.' म्हणून तेही काही मी भरत नाही. रकाना रिकामाच ठेवते.

तुला आता माझा राग येईल. येऊ दे. मोठ्याने येऊ दे, वहिनीला ऐकू जाईल असा. हो आणि नाही यापेक्षा ते बरं. मी यायचं की नाही, ते तू लिही. 'नको' लिहिलंस तर मी समजेन, आणि कुठेही न जाता इथेच बसून राहीन. खरंच. टेबल, बाक, पंखा.

पण तो शर्ट उतरव. तो तुझ्यावर रागावून अर्धा सोडलेला नाही. ती बाही मजेत केलेली आहे, तुझी टिंगल करत. दुसरी तू कर. पाणी शिंपड आधी, पांढऱ्यावर इस्त्री जास्त तापवू नकोस, नाहीतर पिवळा डाग पडेल. मग तो घालून सातवीवर जा आणि फळ्यावर जे लिहायचं ते लिही. पोरांना कॉलर सांग. कुणाची ते सांगू नकोस हवं तर.

सहीच्या आधी मी नेहमी काहीतरी लिहिते. बराच वेळ झाला पेन धरून बसलेय. वर बघतेय.

तुझी
बहीण